पार्श्वभूमी, दृष्टी, उद्दिष्टं: पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर नेमकं काय लिहायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पदवी घेऊन दोन-तीन वर्षं झाली आहेत, मोठ्या ऑफिसात आर्किटेक्चरल डिझायनर म्हणून काम करता आहात आणि आता लहान, पण मन लावून काम करणाऱ्या स्टुडिओंकडे अर्ज करायचे आहेत. पोर्टफोलिओ तयार आहे. पण पहिल्या पानावर जे निवेदन मागतात, म्हणजे तुमची पार्श्वभूमी काय, सर्जनशील दृष्टी कोणती, पुढे काय करायचं आहे, ते पुन्हापुन्हा लिहूनही पोकळ वाटतं. मसुदाही तुम्ही जोडला आहे. त्यात लहानपणापासूनची चित्रकलेची आवड आहे, प्रकाश आणि अवकाश यांचा संवाद आहे, शाश्वततेची बांधिलकी आहे आणि शेवटी स्वतःचा स्टुडिओ काढायचं स्वप्न आहे.

यातलं काहीच खोटं नसेल. अडचण एवढीच की वरचं नाव खोडून तुमच्या वर्गातल्या कुणाचंही घातलं तरी मजकूर तसाच चालेल. अर्ज वाचणाऱ्याला तुमच्या आवडीनिवडी जाणून फारसं काही करायचं नसतं. जागा कमी आहे, पैसे कमी आहेत, क्लायंटचं मत बदललंय, अशा वेळी हा माणूस काय धरून ठेवतो आणि काय सोडतो, हे त्याला हुडकायचं असतं. मी अर्ज पाठवलेत तसे बरीच वर्षं वाचलेतही, त्यावरून सांगतो: ही तीन वेगळी प्रकरणं समजूच नका. तुमच्या जगण्याने तुम्हाला कशाकडे बघायला लावलं, त्या बघण्यातून कोणते निर्णय झाले, आणि असे निर्णय आणखी नीट घेण्यासाठी तुमच्याकडे काय कमी आहे, हा सगळा एकच धागा आहे.

पार्श्वभूमीपासून सुरू करू, कारण तिथेच सगळे सर्वात आधी घसरतात. कॉलेजचं नाव, सीजीपीए, सॉफ्टवेअर हे सगळं बायोडेटात असतंच. ते निवेदनात पुन्हा सांगायचं कारण नाही. पार्श्वभूमी म्हणजे तुम्हाला इमारतींबद्दल असं काय ठाऊक आहे, जे वर्गात कुणी शिकवलं नाही.

आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांचं उदाहरण घ्या. जन्म १९६५ चा, पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांडो गावातला. लहानपणी ते ज्या वर्गात शिकले तो अंधारा, कोंदट आणि मुलांनी गच्च भरलेला होता. पुढे सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर जर्मनीत गेले, नंतर बर्लिनमध्ये आर्किटेक्चर शिकले आणि शिक्षण चालू असतानाच पैसे गोळा करून आपल्या गावात प्राथमिक शाळा बांधली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली. भिंती स्थानिक मातीच्या दाबून केलेल्या विटांच्या. पत्र्याचं छप्पर वर्गाच्या माळ्यापासून उचलून धरलेलं, म्हणजे तापलेला पत्रा आणि खालची खोली यांच्यामधून वारा वाहतो आणि उष्णता बाहेर निघून जाते. या शाळेला २००४ मध्ये वास्तुकलेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये केरे यांना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वात मानाचा समजला जाणारा पुरस्कार. आता बघा, 'मी गरीब गावातून आलो' एवढंच वाक्य असतं तर ती सहानुभूतीची मागणी झाली असती. पण कोंदट वर्ग आणि उचललेलं छप्पर शेजारी ठेवलं की पार्श्वभूमीचं डिझाइनमध्ये रूपांतर झालेलं डोळ्यांना दिसतं. तुमच्या निवेदनाला हाच सांधा हवा आहे.

स्विस आर्किटेक्ट पीटर झुमथोर यांचंही तसंच. वडील फर्निचर करणारे सुतार, स्वतःही आधी तेच काम शिकले, मग स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन भागात जुन्या वास्तूंच्या जतनाच्या खात्यात काम केलं. स्वतःचं ऑफिस १९७९ मध्ये, वयाच्या पस्तिशीनंतर. १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या व्हाल्सच्या स्नानगृहात स्थानिक क्वार्टझाइट दगडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या आहेत. ते बघताना, हाताने सांधे जुळवायला शिकलेला माणूस दगडाकडे कसा बघतो ते कळतं.

यावर तुम्ही म्हणाल की आमच्या घरात ना सुतार, ना गावात शाळा बांधायची वेळ आली. आम्ही साध्या घरात वाढलो, परीक्षा दिल्या, पास झालो. चालेल की. नाट्यमय बालपण ही पात्रता नाही. पण कुठली तरी जागा तुम्ही अंगाने ओळखता, ती शोधा. भाड्याची घरं सारखी बदलावी लागली असतील तर तुम्हाला पक्कं माहीत असतं की खोलीचं क्षेत्रफळ सांगून काही कळत नाही. दारं-खिडक्या वजा जाता सलग भिंत किती उरते, यावर कपाट बसणार की नाही ते ठरतं. घरात कुणी व्हीलचेअरवर असेल तर नियमावलीतला दीड मीटर व्यासाच्या वळणाचा आकडा तुमच्यासाठी नुसता आकडा नसतो. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी रोज काय व्हायचं ते तुम्हाला आठवतं. कुणी रुग्णालयाच्या बाकावर रात्री काढल्या असतील, कुणी घरात जागा नाही म्हणून वाचनालयात अभ्यास केला असेल. असं एकच निरीक्षण घ्या, दोन-तीन वाक्यांत सांगा आणि ते कुठल्या प्रोजेक्टमध्ये कामी आलं ते लगेच लिहा. कामी आलं नसेल तर ते निरीक्षण कितीही हृद्य असो, गाळा. चित्रकलेची आवड तर गाळाच. ती प्रत्येक अर्जात असते.

आता सर्जनशील दृष्टी. या भागावर मी सर्वात जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमच्या मसुद्यात सर्वात सुंदर वाक्यं इथे आहेत आणि सर्वात कमी माहितीही इथेच.

१९९६ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या लेऑँ ओकोक नावाच्या छोट्या चौकाचं सुशोभीकरण करायचं काम अॅन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल या आर्किटेक्ट जोडीकडे आलं. त्यांनी तिथे जाऊन वेळ घालवला, राहणाऱ्या लोकांशी बोलले, झाडं, बाकं, खेळणारी माणसं बघितली आणि सांगितलं की चौक आहे तसाच छान आहे. नवं काहीही बांधू नका. खडी बदला, सफाई वाढवा, झाडांची निगा राखा. आपल्याला मिळालेल्या कामातलं बांधकामच त्यांनी काढून टाकलं. पुढे याच जोडीने सहकाऱ्यांबरोबर त्याच शहरातल्या ग्रां पार्क वसाहतीतल्या ५३० जुन्या सदनिका न पाडता, रहिवाशांना बाहेर न काढता, बाहेरून नव्या काचेच्या गॅलऱ्या जोडून मोठ्या केल्या. २०२१ चा प्रित्झकर त्यांना मिळाला. त्यांची दृष्टी कळायला त्यांचं एकही वाक्य लागत नाही. काय करायचं नाकारलं ते कळलं की पुरतं.

म्हणून तुमच्या पोर्टफोलिओतले तीन प्रोजेक्ट समोर घ्या आणि प्रत्येकात शेवटपर्यंत टिकलेली एक गोष्ट शोधा, जी टिकवण्यासाठी तुम्ही दुसरं काहीतरी सोडलं. जिन्याच्या वरून उजेड यावा म्हणून एक खोली कमी केली. जुनं झाड राहावं म्हणून तळमजला मागे घेतला आणि पार्किंगचा सगळा आराखडा नव्याने मांडला. दर्शनी भागाची सममिती मोडली, कारण स्वयंपाकघराला बाहेरची भिंत हवी होती. तीन प्रोजेक्टमधल्या अशा तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा त्यांचं आपसात काहीतरी नातं निघतं. ते नातं हीच तुमची दृष्टी, मग ती तुम्हाला आवडो न आवडो. मी अशी मुलं बघितली आहेत जी स्वतःला 'शिल्पात्म' म्हणवतात आणि ज्यांच्या प्रत्येक प्लॅनमध्ये खरी मेहनत झालेली असते ती दोन खोल्यांमधल्या वावराच्या जागेवर. ती मेहनत लिहा. शिल्पात्म आकार करणारे पुष्कळ आहेत. पॅसेजवर विचार करणारे फार थोडे.

'प्रकाश' या शब्दाबद्दल दोन शब्द, कारण तो प्रत्येक निवेदनात असतो. कुठला प्रकाश? कुठल्या दिशेचा, किती वाजताचा, कशावर पडलेला? पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी आडवा आत येणारा सूर्य आडव्या छज्ज्याने अडत नाही, त्याला उभे पडदे किंवा उभ्या पात्या लागतात, हे ज्याने एकदा काढून बघितलं आहे त्याला 'प्रकाशाचा संवाद' म्हणावंसंच वाटत नाही. तो सरळ लिहितो की अभ्यासिकेच्या पश्चिम भिंतीला उभ्या पात्या लावल्या, त्यांचा कोन मॉडेलवर दिवा फिरवून ठरवला. वाचणारा तिथे थांबतो.

'शाश्वत' चंही तेच. सिमेंटनिर्मितीतून जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा साधारण ७ ते ८ टक्के वाटा येतो. तेव्हा तुम्ही काँक्रीटची इमारत दाखवून गच्चीवर चार झुडपं लावत असाल आणि बांधिलकी सांगत असाल, तर समोरचा मनातल्या मनात हसतो. खांबांमधलं अंतर नऊ मीटरवरून सहावर आणलं का, त्याने स्लॅबची आणि बीमची जाडी कमी झाली का, जुनी इमारत पाडायच्या ऐवजी वापरता येईल का हे तपासलं का? यातलं एक जरी खरोखर केलं असेल तर ते एक लिहा, आकड्यासकट. केलं नसेल तर तो शब्द निवेदनात नसलेलाच बरा. त्याच्या नसण्याने तुमचं काही बिघडत नाही.

रेंडरबद्दलही, म्हणजे इमारतीच्या संगणकावर केलेल्या चित्राबद्दलही, सांगून टाकतो. आता चांगलं दिसणारं चित्र मिनिटात तयार होतं, कुणालाही करता येतं. काही वर्षांपूर्वी ते कौशल्याचा पुरावा होतं, आज ते फक्त सजावट आहे. पुरावा म्हणजे सेक्शन, इमारत उभी कापून आतलं दाखवणारं ड्रॉइंग. त्याहून चांगला पुरावा म्हणजे हाताने खोडलेला, वरून पुन्हा काढलेला सेक्शन.

सिडनीच्या ऑपेरा हाउसचं नाव निघालं की लोक शिडं, शिंपले, लाटा यावर बोलत बसतात. १९५७ मध्ये डॅनिश आर्किटेक्ट यॉर्न उत्झन यांनी त्याची स्पर्धा जिंकली तेव्हा त्या कवचांना ठरावीक भूमितीच नव्हती. ती मुक्तहस्त वळणं होती आणि ती उभी कशी करायची ते कुणालाच माहीत नव्हतं. ओव्ह अरुप यांच्या इंजिनिअरांबरोबर वर्षानुवर्षं झटापट चालली. १९६१ च्या सुमारास तोडगा निघाला: सगळी कवचं सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापलेली धरायची. गोलाची वक्रता सगळीकडे सारखीच, त्यामुळे बरगड्यांचे तुकडे त्याच त्या साच्यांतून ओतता आले. इमारत १९७३ मध्ये उघडली; उत्झन १९६६ मध्येच काम सोडून गेले होते. माझ्या मते त्या प्रकल्पातली सर्वात सर्जनशील गोष्ट स्पर्धेतलं स्केच नसून तो गोल आहे. बांधता येईल असं करणं हाही कल्पनाशक्तीचाच भाग आहे, आणि तरुण डिझायनर जेव्हा निवेदनात 'कल्पना माझी, डिटेल ऑफिसने केले' अशा थाटात लिहितात तेव्हा त्यांनी अर्धं श्रेय आपल्याच हाताने देऊन टाकलेलं असतं.

मुलाखतीत मी काय विचारतो, हेही मग सांगतो. जिना काढायला सांगतो. कोरा कागद, मजल्यापासून मजल्यापर्यंत उंची तीन मीटर, मध्ये वळण. बाकी तुम्ही ठरवा. ज्याला येतं तो आधी पायऱ्या मोजतो: १५० मिलिमीटरच्या उठावाने (उठाव म्हणजे एका पायरीची उंची) २० उठाव, म्हणजे प्रत्येक टप्प्यात दहा उठाव आणि नऊ पायऱ्या, ३०० मिलिमीटरच्या पायरीने नऊची लांबी २७०० मिलिमीटर, त्यात मधला चौथरा मिळवला की जिन्याच्या खोलीची लांबी आकार घेते. उठावाची दुप्पट अधिक पायरीची रुंदी ही साधारण ६०० ते ६४० मिलिमीटरमध्ये बसावी, हा नियम सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लाँदेल यांचा आणि तो अजून चालतो, कारण माणसाची पावलं बदललेली नाहीत. मग तो सेक्शन काढतो आणि चौथऱ्याखालून जाताना डोकं आपटेल का ते बघतो, आणि दहातल्या नऊ जणांना तिथेच पहिल्यांदा कळतं की आपटेल: चौथरा दीड मीटरवर आहे, खालून दार काढता येणार नाही. काही जण हे कळल्यावर गडबडतात. काही जण शांतपणे पहिला टप्पा लांबवतात, दुसरा कमी करतात किंवा दारच हलवतात. मला माणूस इथे कळतो. बाकी पोर्टफोलिओ मी नंतर पुन्हा चाळतो, पण मत बहुतेक या कागदावर झालेलं असतं. तेव्हा निवेदनात तुमचा असा एखादा जिना असू द्या, म्हणजे एखादी अडचण, जी तुम्ही स्वतः सोडवली आणि जी सोडवताना मूळ कल्पना बदलली.

आता उद्दिष्टं. 'स्वतःचा स्टुडिओ' हे उद्दिष्ट लिहू नका असं मी म्हणणार नाही; प्रामाणिक असेल तर लिहा. पण ज्या लहान स्टुडिओला तुम्ही अर्ज करता आहात त्याला त्यातून एवढंच कळतं की तुम्ही कधीतरी निघून जाणार. निघून सगळेच जातात. जाईपर्यंत काय शिकून, काय देऊन जाणार, हे त्याला हवं असतं.

इथे एक व्यवहाराची बाजूही आहे. ब्रिटनमध्ये, भारतात आणि इतरही कित्येक देशांत नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही; भारतात १९७२ चा कायदा आहे, ब्रिटनमध्ये १९९७ चा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतंत्र मंडळ आहे आणि परवान्यासाठी साधारणपणे ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा लागते. त्या अनुभवाचे सहा गट केलेले आहेत: व्यवसायाचं व्यवस्थापन, प्रकल्पाचं व्यवस्थापन, गरजांचा अभ्यास, आराखडा आणि डिझाइन, तपशीलवार ड्रॉइंग, आणि प्रत्यक्ष बांधकाम. तुम्ही कुठल्याही देशात असा, ही यादी समोर ठेवून आपले महिने कुठे गेले ते बघा. मोठ्या ऑफिसात काम करणाऱ्यांचे बहुतेक सगळे महिने आराखडा-डिझाइन आणि तपशीलवार ड्रॉइंग या दोनच गटांत गेलेले असतात. साइटवर लाइन-आउट, म्हणजे इमारतीची जमिनीवरची आखणी, होताना उभं राहिलेलं नसतं, स्लॅब भरायच्या आधी सळया तपासलेल्या नसतात, कंत्राटदाराचं बिल आणि मोजमापाची वही बघितलेली नसते. हीच तुमची उद्दिष्टं आहेत. 'पुढच्या दोन वर्षांत एक लहान इमारत पायापासून ताबा देईपर्यंत बघायची आहे' या वाक्यात जितकं वजन आहे तितकं 'जागतिक पातळीवर ठसा उमटवायचा आहे' यात कधीच येणार नाही. आणि लहान स्टुडिओ नेमकं हेच तुम्हाला देऊ शकतो, त्यामुळे तुमचं मागणं आणि त्यांच्याकडचं देणं जुळतं.

वयाची घाई मात्र करू नका. तुमच्या प्रश्नातून ती जाणवली म्हणून लिहितो. माया लिन एकवीस वर्षांच्या होत्या, अजून विद्यार्थिनी, जेव्हा १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकासाठी चौदाशेहून अधिक प्रवेशिकांमधून त्यांची प्रवेशिका निवडली गेली. उलट अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान १९०१ मध्ये जन्मले आणि ज्या इमारतीपासून त्यांचं नाव झालं ती येल विद्यापीठाची आर्ट गॅलरी १९५३ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे पन्नाशी उलटून गेल्यावर. दोघांपैकी कुणाचंही वेळापत्रक तुम्हाला लागू होत नाही. स्टुडिओ मोठा असला म्हणजे यश, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियाचे आर्किटेक्ट ग्लेन मरकट यांनी जवळजवळ सगळं आयुष्य एकट्याने काम केलं, बहुतांशी घरं बांधली आणि २००२ मध्ये त्यांना प्रित्झकर मिळाला. तुम्हाला किती माणसांच्या ऑफिसात, कुठल्या मापाच्या इमारतींवर काम करायला आवडतं हे ठाऊक असेल तर तेही उद्दिष्टात लिहायला हरकत नाही. फार थोडे जण लिहितात.

थोडं कारागिरीचं. निवेदन एका पानाच्या पुढे नको. अर्धं पुरलं तर अर्धंच ठेवा. ऑफिसातल्या प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा नेमका कुठला ते त्या-त्या पानावर लिहा: 'दुसऱ्या मजल्याचे प्लॅन, जिन्याचे आणि खिडक्यांचे डिटेल' असं. 'टीमचा सदस्य' या शब्दांखाली सगळं झाकलं की वाचणारा सर्वात कमी तेवढंच धरून चालतो. सध्याच्या ऑफिसची ड्रॉइंग वापरायची तर आधी विचारा, आणि लेखी परवानगी घ्या. क्लायंटचं नाव आणि पत्ता काढून टाका. परवानगी नाही मिळाली तर त्या प्रोजेक्टमधली अडचण आणि तिचं उत्तर तुमच्या स्वतःच्या हाताने काढलेल्या आकृतीत, जागेची ओळख पटणार नाही अशा बेताने दाखवता येतं का तेही ऑफिसला विचारा. त्याला सहसा नाही म्हणत नाहीत. जी ऑफिसातून निघताना फायली गुपचूप कॉपी करतात, ती मुलं मुलाखतीत लगेच ओळखू येतात, आणि आपलीही ड्रॉइंग उद्या अशीच बाहेर जातील हे समोरच्याला तेव्हाच कळलेलं असतं.

आणि मसुदा परत लिहिताना पोर्टफोलिओतला क्रमही बदला. सध्या थीसिस पहिला आहे, कारण तो सर्वात देखणा आहे. तुम्ही पाठवलेल्या पानांमध्ये शेवटी टाकलेला तो लहान वाचनालयाचा विस्तार आहे ना, ज्यात जुन्या भिंतीची ओल कुठून येते ते शोधून तुम्ही नवा जोड अर्धा मीटर लांब ठेवलात आणि मधल्या फटीत बाक घातला, तो पुढे आणा. निवेदनातलं पहिलं वाक्य त्या फटीबद्दल असू द्या.